साप, विंचू, मोहोळ: दंश झाल्यापासून घरी परत येईपर्यंत काय करायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वाळवा तालुक्यात मळ्यात वस्ती आहे, ऊस आणि हळद. पंपाची वीज रात्री आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला, रानात जावं लागतं. अशा वेळी साप चावला तर पहिल्या तासात नेमकं काय करायचं? वर दोरी बांधायची का? साप कोणता ते कळलं नाही तर उपचार अडतात का? आणि विंचू चावला किंवा मोहोळ उठलं तर वेगळं काही करावं लागतं का?

आधी मुळातली गोष्ट. सापाच्या विषावर घरात, रानात किंवा देवळात करता येईल असा एकही उपाय नाही. उतारा एकच, प्रतिसर्पविष. दवाखान्यात त्याला सगळे एएसव्ही म्हणतात आणि ते शिरेतूनच द्यावं लागतं. म्हणून दंश झाल्यापासून सलाइन लागेपर्यंत जे जे करायचं मनात येईल, त्याला एकच प्रश्न विचारा: याने दवाखाना जवळ येतोय की लांब जातोय? लांब जात असेल तर ते सोडून द्या, मग सांगणारा कितीही जाणता असो.

साप चावला की माणूस पळत सुटतो. ते पहिल्यांदा थांबवा. हातपाय हलले की स्नायू दाबले जातात आणि विष रसवाहिन्यांतून भराभर वर सरकतं. जागेवर बसवा किंवा आडवं करा. घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा, मोबाइलवर फोटो काढला तर वेळ आपोआप नोंदली जाते. अंगठी, बांगड्या, कडं, जोडवी, पैंजण, घड्याळ, घट्ट बूट, दंडातला किंवा पायातला दोरा, सगळं लगेच उतरवा. तासाभरात सूज चढली की अंगठी निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. हे काम लोक हमखास विसरतात.

मग चावलेला हात किंवा पाय मोडलाय असं समजून बांधा. पायाला दोन्ही बाजूंनी काठ्या, उसाची कांडकी, ठिबकच्या जाड पाइपचे तुकडे, जे हाताशी असेल ते लावा आणि टॉवेल किंवा फेट्याच्या पट्ट्यांनी सैलसर गुंडाळा. पट्टीखालून बोट सहज गेलं पाहिजे. उद्देश हालचाल थांबवण्याचा आहे, रक्त थांबवण्याचा नाही. हात असेल तर गळ्यात झोळी करून अडकवा. जखमेला काही करू नका, चोळून धुऊही नका. रुग्णाला उलटी होत असेल किंवा गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. वेदनेसाठी गिळता येत असेल तर पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको, कारण घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त आधीच गोठत नसतं आणि या गोळ्या त्यात भर घालतात. त्याच कारणाने वाटेतल्या दवाखान्यात कमरेवर दुखण्याचं इंजेक्शन घेऊ नका. रक्त गोठत नसताना स्नायूत सुई टोचली की आत रक्ताची मोठी गाठ होते. धनुर्वाताचं इंजेक्शनही रक्त गोठू लागल्यावर द्यायचं, त्याची घाई नसते.

हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल तर जीप, टेम्पो, जे मिळेल त्यातून निघा. दुचाकीशिवाय काही नसेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एकाने घट्ट धरायचं. एकट्याला मागे बसवून नेऊ नका. नाग किंवा मण्यार असेल तर वाटेत मान टाकली जाते आणि माणूस गाडीवरून पडतो.

कुठे न्यायचं हे दंश व्हायच्या आधी ठरलेलं हवं. आपल्या सर्वांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात एएसव्ही आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे पावसाळ्याच्या तोंडाला एकदा जाऊन विचारून या. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळतं. व्हेंटिलेटर आणि डायलिसिस लागणार असेल तर तुमच्या भागातून सांगली-मिरज किंवा कराड. सातारा जिल्ह्यातल्या वरच्या भागाला कराड किंवा साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. पण थेट मोठ्या शहराचा हट्ट धरू नका. जतच्या पूर्व भागातून मिरजेला यायला दोन तास सहज जातात. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातून तर आधी लाँचने तापोळ्याला किंवा बामणोलीला यावं लागतं. इतका वेळ विष थांबत नाही. पहिला डोस जवळच्या ठिकाणी घ्यायचा आणि मग पुढे जायचं, हा नियम धरा. पुढे पाठवताना डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या: दंशाची वेळ, तपासलं तेव्हाची लक्षणं, एएसव्हीच्या किती वायल (कुप्या) दिल्या, किती वाजता दिल्या. ही चिठ्ठी नसेल तर पुढच्या दवाखान्यात सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि तास जातो.

आता दोरीबद्दल. बांधू नका. विष मुख्यतः रसवाहिन्यांतून चढतं, दोरीने ते थांबत नाही, थांबतं ते रक्त. आपल्या भागात घोणस जास्त. तिचं विष चावल्या जागचं मांस कुजवतं. वर सुतळी आवळली की तेच विष तेवढ्या भागात कोंडतं आणि पाय वाचवणं अवघड होतं. दुसरा धोका सोडताना असतो. तासभर आवळलेली दोरी रस्त्यात कोणी घाबरून कापली की साठलेलं विष एकदम शरीरभर जातं, रक्तदाब पडतो किंवा श्वास बंद होतो. म्हणून कोणी आधीच बांधून ठेवली असेल तर गावात सोडू नका. दवाखान्यात शिरेत सुई लागलेली, एएसव्ही आणि श्वास द्यायची तयारी असलेली, अशा ठिकाणी डॉक्टरांसमोर ती सोडायची. रुंद क्रेप बँडेज पूर्ण पायाला घट्ट गुंडाळायची एक पद्धत ऑस्ट्रेलियात वापरतात. ती तिथल्या, मुख्यतः मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या सापांसाठी बसवलेली आहे. घोणसीच्या मुलखात ती वापरू नये.

ब्लेडने चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ लावणं, बॅटरीचा झटका देणं, कोंबडीची पिल्लं जखमेला लावणं, सगळं निरुपयोगी, आणि चिरा देणं तर जीवघेणं. रक्त गोठत नसताना दिलेली चीर थांबत नाही. दंशावर चिंचोका किंवा पाला चोळल्याने फक्त जखम दूषित होते. सर्वांत वाईट सवय म्हणजे कडुनिंबाचा पाला किंवा तिखट मिरची खायला देऊन चव विचारणं. कडू लागलं म्हणजे विष नाही, असा समज आहे. जिभेच्या चवीचा आणि विषाचा काडीमात्र संबंध नाही. उलट नाग किंवा मण्यारीच्या दंशात घसा लुळा पडू लागलेला असतो, तोंडात घातलेला पाला, दूध, तूप, दारू काहीही श्वासनलिकेत उतरतं.

मग मांत्रिकाकडे नेलेले इतके लोक बरे कसे होतात? याचं उत्तर सरळ आहे. आपल्याकडे चावणारे बरेच साप बिनविषारी असतात: धामण, दिवड, तस्कर, कवड्या, नानेटी. आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असं नाही, कित्येकदा नुसते दात लागतात. हे सगळे लोक काही न करताही बरे झाले असते. ज्यांच्या अंगात विष खरोखर गेलेलं असतं, त्यांचे तास देवळाच्या ओट्यावर संपतात. गावातल्या जाणत्या माणसाशी भांडण न करताही हे सांगता येतं: मंत्र म्हणायचाच असेल तर तो गाडीत बसून म्हणा, गाडी थांबवू नका.

साप मारायच्या किंवा पकडायच्या नादाला लागू नका. मारायला गेलेला दुसरा माणूस चावून घेतो, आणि मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. पिशवीत घालून दवाखान्यात आणायची तर काहीच गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी उपचार अडत नाहीत. भारतात मिळणारं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्र चालणारं आहे. उपचार सापाच्या नावावर नव्हे, तर रुग्णाच्या लक्षणांवर ठरतात.

तरीही लक्षणं ओळखता यावीत म्हणून चौघांबद्दल थोडं. घोणस तुमच्या उसात आहेच. अंगावर तीन ओळींत साखळीसारखे गोल ठिपके, जाड शरीर, त्रिकोणी डोकं, आणि डिवचली की कुकरची शिट्टी सुटल्यासारखा मोठा फुत्कार. अजगराचं पिल्लू समजून तिला उचलणारे लोक आहेत, हे फार धोक्याचं आहे. दंश झाला की आग लागल्यासारखं दुखतं, सूज मिनिटामिनिटाने वर चढते, हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येतं आणि पुढच्या एकदोन दिवसांत किडनी थांबू शकते. फुरसं वीतदीड वीत लांबीचं, खडकाळ माळावर, दगडाखाली. आकार बघून लोक त्याला हलक्यात घेतात. त्याचंही विष रक्त गोठू देत नाही. दंश लहान दिसतो आणि दोनतीन दिवसांनी आत रक्तस्राव होतो, म्हणून फुरसं चावलेल्या माणसाला बरं वाटतंय म्हणून घरी घेऊन जाऊ नका.

नागाच्या दंशात सूज आणि दुखणं असतं, चावलेल्या जागची कातडी काळीनिळी पडते आणि अर्ध्या तासापासून काही तासांत पापण्या जड व्हायला लागतात.

मण्यारीवर जरा जास्त थांबतो, कारण तिने झालेले मृत्यू बहुतेक ओळखता न आल्यामुळे होतात. ती रात्री फिरते, उंदरांच्या आणि दुसऱ्या सापांच्या मागे घरात येते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात कळ, उलटी, घसा दुखणं, अंग मोडून येणं घेऊन. घरचे पित्ताची गोळी देतात, डॉक्टरही सुरुवातीला फसू शकतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल किंवा मोठा माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि थोड्या वेळात पापण्या झाकायला लागल्या, एकाचे दोन दिसायला लागले, बोलणं जड झालं, तर साप दिसलेला नसला तरी मण्यार समजून पळा. काही वेळा लक्षणं दंशानंतर दहाबारा तासांनीही सुरू होतात. वाटेत एक साधी तपासणी करत राहा: रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावा, उशीवरून मान उचलायला सांगा, वर बघायला सांगा. मघाशी तीसपर्यंत मोजत होता आणि आता पंधरावर श्वास संपतोय, तर फुप्फुसाचे स्नायू थकत चाललेत.

मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी आहे. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने असलेले पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे विरळ असतात. पण रात्री बॅटरीच्या उजेडात हा फरक करत बसू नका. महाबळेश्वर, कोयना, चांदोलीच्या जंगलपट्ट्यात हिरवा चापडा भेटतो. त्याच्या दंशाने खूप सूज आणि वेदना होते, जीव क्वचित जातो, आणि आपलं एएसव्ही त्याच्यासाठी बनवलेलं नाही. त्यावर उपचार लक्षणांप्रमाणे होतात. मात्र तो चापडाच होता याची खात्री डॉक्टरांना करू द्या.

दवाखान्यात पोहोचल्यावर काय व्हायला हवं हे नातेवाइकांना माहीत असलं तर बरं. साप चावल्याचा संशय असलेल्या प्रत्येकाला किमान २४ तास ठेवून घेतात, मग लक्षण असो वा नसो. एएसव्ही मात्र प्रत्येकाला लगेच देत नाहीत आणि ते बरोबर आहे. विष चढल्याची खूण दिसली तरच देतात: रक्तस्राव, पापण्या पडणं, श्वासाला त्रास, रक्तदाब पडणं, झपाट्याने वर चढणारी सूज, किंवा रक्त न गोठणं.

रक्त गोठतं का हे बघायची चाचणी स्वस्त आणि नेमकी आहे. शिरेतलं २ मिलिलिटर रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष काम करतंय. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या पृष्ठभागाने गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही गोठलेलं दिसत नाही आणि विनाकारण एएसव्ही दिलं जातं. नळी सारखी हलवून बघितली तरी चाचणी बिघडते.

पहिला डोस साधारण १० वायलचा. एक वायल १० मिलिलिटरची, बहुतेक भुकटीच्या रूपात. ती पाण्यात विरघळवून सलाइनमध्ये मिसळतात आणि तासाभरात सोडतात. लहान मुलालाही तेवढाच डोस, कारण सापाने माणसाचं वजन बघून विष सोडलेलं नसतं. गरोदर बाईलाही तेवढाच. हे औषध घोड्यांच्या रक्तापासून बनतं, म्हणून कोणाला पित्त उठणं, थंडी वाजणं, घरघर, रक्तदाब पडणं अशी रिॲक्शन येऊ शकते. पहिली काही मिनिटं सावकाश सोडतात आणि ॲड्रिनलिनची सिरिंज भरून उशाशी ठेवतात. रिॲक्शन आली तर मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिलिग्रॅम. त्यानंतर एएसव्ही बंद करून सोडून द्यायचं नसतं, रुग्ण सावरला की पुन्हा हळू सुरू करतात. कातडीखाली थोडं टोचून आधी बघायची जुनी पद्धत आता सोडून दिलेली आहे. तिच्यावरून रिॲक्शन ओळखता येत नाही आणि वेळ जातो.

घोणस किंवा फुरशात डोस दिल्यावर ६ तासांनी पुन्हा काचेच्या नळीची चाचणी करतात. विष निष्प्रभ झालं तरी रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला तेवढा वेळ लागतो. सहा तासांनीही रक्त पातळ असेल तर पुढचा डोस. घाबरून तासातासाला वायल चढवण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या एएसव्हीसाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे थोडं बदलतं. त्यामुळे दोन डोसनंतरही डॉक्टरांना थांबून विचार करावा लागतो, यात त्यांची हयगय नसते.

नागाच्या विषात एएसव्हीबरोबर ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मिन दिल्यावर पापण्या अर्ध्या तासात उघडताना दिसू शकतात, कारण ते विष चेतातंतू आणि स्नायूच्या सांध्यावर बाहेरून चिकटलेलं असतं. मण्यारीचं विष चेतातंतूचं टोकच निकामी करतं. ते टोक नव्याने तयार होईपर्यंत कितीही एएसव्ही दिलं तरी स्नायू हलत नाहीत. तिथे माणूस वाचवतो तो श्वास: आधी हाताने दाबायची अंबू बॅग, मग व्हेंटिलेटर, काही दिवस. या काळात रुग्ण डोळे उघडत नाही, बोटही हलवत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत. बघणाऱ्याला तो गेलाय असंच वाटतं. तो गेलेला नसतो, बऱ्याचदा त्याला ऐकूही येत असतं. श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण पूर्ण बरे होऊन चालत घरी जातात. म्हणून मण्यारीच्या रुग्णाला "आता काही उरलं नाही, घरी न्या" असं कोणी म्हटलं तर नातेवाइकांनी ऐकू नये. आणि रुग्णवाहिकेत बसताना अंबू बॅग आहे का, ती चालवणारा माणूस आहे का, हे विचारूनच निघावं.

घोणसीच्या रुग्णाची लघवी मोजायला मागा. दिवसभरात लघवी फार कमी झाली किंवा काळ्या चहासारखी दिसली तर डायलिसिस लागू शकतं, आणि वेळेवर केलं तर बहुतेकांची किडनी पूर्ववत होते. सुजेवर आलेले फोड घरी फोडू नका. घरी आल्यावर पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत ताप, सांधेदुखी, अंगाला खाज आली तर ती एएसव्हीची उशिरा येणारी प्रतिक्रिया असते. विष परत चढलं असं समजून घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डावर 'सर्पदंश' असं स्पष्ट लिहून घ्या. शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या व्यक्तीचा दुर्दैवाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश आणि विंचूदंश त्यात धरलेले आहेत, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो आणि कागदावर कारण लिहिलेलं नसेल तर तिथेच अडतं.

विंचवाचं गणित वेगळं आहे. मोठा काळा विंचू, इंगळी, भयंकर दुखवतो पण सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो लहान, तांबूस, बारीक नांग्यांचा लाल विंचू. किती दुखतंय यावर धोका ठरवू नका. फक्त चावल्या जागी ठणका असेल आणि बाकी माणूस ठीक असेल तर बर्फाचा शेक, पॅरासिटामॉल आणि दवाखान्यात भुलीच्या औषधाचं इंजेक्शन पुरतं. धोक्याच्या खुणा अशा: भराभर उलट्या, अंग घामाने निथळणं, हातपाय थंडगार, लाळ गळणं, छातीत धडधड, मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं. हे दिसलं की मिनिट घालवू नका, विशेषतः मूल असेल तर. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग तोंडाला गुलाबी फेस येतो.

यावरचं औषध प्राझोसिन. कोकणात महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात ते वापरून दाखवलं आणि विंचूदंशाने मरणाऱ्या मुलांचं चित्र बदललं. डोस वजनाच्या हिशेबाने, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने, दर ३ तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं, उचलून बसवलं की रक्तदाब एकदम पडतो. म्हणूनच हे औषध घरी देण्याजोगं नाही. विंचवाचं प्रतिविष उपलब्ध असेल तर प्राझोसिनबरोबर दिल्याने रुग्ण लवकर सावरतो. ॲट्रोपिन, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं यांचा इथे उपयोग नाही, ॲट्रोपिन तर हृदयावरचा ताण वाढवतं. उलट्या झालेल्या मुलाला वाटेत गिळता येत असेल तर घोटघोट पाणी किंवा ओआरएस द्या, घाम आणि उलटीने अंग कोरडं पडलेलं असतं.

घोण, म्हणजे मोठी गोम, चावली तर दुखतं, सुजतं, एक दिवसात उतरतं. गरम पाण्याचा सोसेल तेवढा शेक आणि वेदनाशामक गोळी पुरे.

आग्या मोहोळ उठलं तर पहिलं काम पळणं, इथे साप चावल्यावरचा नियम उलटा. शर्ट किंवा पदर डोक्यावर ओढा, डोळे-नाक-तोंड झाका आणि सरळ रेषेत घर, गाडी, दाट झाडी गाठा. हात झटकू नका. चिरडलेली माशी आणि रुतलेला काटा दोन्हींतून निघणारा वास बाकीच्यांना बोलावतो. विहिरीत उडी टाकू नका, माश्या वर घोटाळत राहतात आणि माणूस बुडतो. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर काटे नखाने, एटीएम कार्डाने, जसे निघतील तसे, पण लगेच काढा. त्याला विषाची पिशवी चिकटलेली असते आणि ती पहिल्या मिनिटातच रिकामी होते. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तिथे शोधत बसू नका. एका माशीनेही अंगावर गांध्या उठणं, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, चक्कर असं झालं तर ती ॲलर्जी आहे आणि तिला फक्त ॲड्रिनलिन वाचवतं, तेही मिनिटांत. सेट्रिझिनची गोळी देऊन वाट बघू नका. ॲलर्जी नसली तरी मोठ्या माणसाला पन्नासच्या आसपास किंवा जास्त काटे लागले असतील, मुलाला त्याहून बरेच कमी, तर दवाखान्यात नेऊन लघवी आणि किडनीवर लक्ष ठेवायला हवं.

राहिलं टाळण्याचं. रात्री दारं धरायला जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चांगली बॅटरी, हे खताइतकं गरजेचं साहित्य समजा. पायातल्या चपलेपेक्षा बुटाने फरक पडतो, कारण शेतातले बहुतेक दंश घोट्याच्या आसपास होतात. काठी पुढे आपटत चाला, जमीन थरथरली की साप सरकतो. स्टार्टरच्या पेटीत उबेला साप आणि पाली बसतात, झाकण काठीने उघडून उजेड पाडूनच हात घाला. वैरणीचा भारा, पाचट, शेणीची रास आणि विटांचा ढीग आधी काठीने हलवा, मग हात लावा. घरात धान्य सांडू देऊ नका, उंदीर आले की मागे साप येतो. जमिनीवर झोपायची सवय मोडा. ते शक्य नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यार खोचलेल्या मच्छरदाणीतून आत येत नाही. फडावर येणाऱ्या ऊसतोड टोळ्या पालात थेट जमिनीवर झोपतात, त्यांची मुलंही. मुकादमाकडून किंवा कारखान्याच्या शेतकी विभागाकडून त्यांच्यासाठी मच्छरदाण्या आणि एखादी मोठी बॅटरी मिळवणं हे फडमालकाच्या हातातलं काम आहे. जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता टोळीतल्या दोघांना तरी पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा, परक्या मुलखातून आलेल्यांना तो रात्री सापडत नाही.